चार माणसे, १६ दिवस आणि युरोपातील रेल्वे : पास घ्यावा की सुटी तिकिटे?

म्हापशाची शिक्षिका

नमस्कार. मी म्हापशातील एका शाळेत शिकवते. येत्या मे महिन्याच्या सुटीत मी, माझे यजमान, १० वर्षांचा मुलगा आणि ६३ वर्षांच्या सासूबाई असे आम्ही चौघे स्वतःच्या हिशेबाने युरोपला जायचे म्हणतो आहोत. सहल कंपनीबरोबर जाण्याचा विचार आम्ही सोडला, कारण चौघांचा खर्च आमच्या आवाक्यात बसत नाही. शिवाय सासूबाईंना बसमध्ये तासन्‌तास पाय दुमडून बसवत नाही. रेल्वेत मात्र त्या मधूनमधून उठून चार पावले चालतात, आणि मांडवी एक्स्प्रेसने मुंबईपर्यंतचा पूर्ण दिवसाचा प्रवासही त्यांना कधी जड गेलेला नाही. मुलाची तर रेल्वे हीच सहल आहे. थिवी स्थानकावरून जाणाऱ्या बहुतेक गाड्यांचे क्रमांक त्याला पाठ आहेत.

आमच्या मनात पॅरिस, ॲम्स्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस आणि रोम अशी सात शहरे आहेत. यजमानांचे मामा लिस्बनला राहतात, त्यामुळे जमल्यास दोन दिवस त्यांच्याकडेही जावे असे वाटते. हाताशी एकूण १६ दिवस आहेत.

मला मुख्यतः तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, सर्व देशांत चालणारा युरेल पास घेणे स्वस्त पडते की प्रत्येक टप्प्याचे वेगळे तिकीट काढणे? दुसरी, रात्रीच्या गाडीने गेल्यास एका मुक्कामाचे भाडे वाचते असे सगळे सांगतात, पण वयस्क माणसाला ते कितपत मानवते? तिसरी गोष्ट व्हिसाची. पणजीत पोर्तुगालचा वाणिज्य दूतावास असल्यामुळे व्हिसा पोर्तुगालचाच काढावा, मग कुठेही फिरता येते, असा सल्ला एका नातेवाईकाने दिला आहे. तो बरोबर आहे का?

सासूबाईंनी घरखर्चाच्या वहीत या प्रवासाचे एक पान आखले आहे. विमान, मुक्काम, जेवण यांपुढे अंदाजाचे आकडे लिहून झाले. ‘रेल्वे’ या शब्दापुढची जागा अजून कोरी आहे, कारण जितक्या ठिकाणी विचारले तितके वेगवेगळे आकडे मिळाले. म्हणून येथे विचारते आहे.

डिचोलीकर

ताई, पासचा प्रश्न नंतर घेऊ. आधी शहरे कमी करा, कारण तुमचा खर्च तिकिटांच्या दरापेक्षा मार्गाच्या आखणीवर जास्त अवलंबून आहे. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा १४ दिवसांत सहा शहरे घेतली होती, आणि आज आठवते ते बहुतेक सामान बांधणे आणि सोडणे. कागदावर चार तासांचा दिसणारा प्रवास प्रत्यक्षात अख्खा दिवस खातो : सकाळी खोली सोडायची, स्थानक गाठायचे, उतरल्यावर नवी खोली शोधायची, आणि खोली दुपारी तीनपर्यंत मिळत नाही म्हणून तोपर्यंत सामान कुठे ठेवायचे ते पाहायचे. सासूबाई आणि लहान मुलगा बरोबर असताना सात शहरांचा हट्ट धरू नये, असे मला मनापासून वाटते.

माझी सूचना अशी की पॅरिस, ॲम्स्टरडॅम, बर्लिन आणि प्राग या वेळी सोडून द्यावे आणि एकाच दिशेने उतरत जावे : बुडापेस्टला ३ रात्री, व्हिएन्नाला ४, व्हेनिसला २, फ्लॉरेन्सला २ आणि रोमला ४. म्हणजे १५ रात्री आणि तीन देश. विमानाचे तिकीट जाताना बुडापेस्टचे आणि परतताना रोमचे असे एकत्रच काढावे, म्हणजे पहिल्या शहरात परत येण्याचा दिवस आणि पैसा दोन्ही वाचतात. दाबोळी किंवा मोपाहून निघून मुंबईमार्गे आणि आखातामार्गे, अशा दोन्ही रीतींनी दर पाहून घ्या. पॅरिस आणि ॲम्स्टरडॅममध्ये चौघांच्या खोलीला जे पैसे पडतात, त्यांत बुडापेस्टमध्ये स्वयंपाकघरासह छोटे घर मिळते, आणि १६ दिवसांच्या हिशेबात हा फरक रेल्वेच्या भाड्यापेक्षा मोठा ठरतो.

आता पास. युरेलचा सर्व देशांचा पास ३३ देशांत चालतो, आणि युरोपात न राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी तोच असतो. इंटररेल हा तेथील रहिवाशांसाठी आहे. महिन्याभरात कोणतेही ४ दिवस प्रवास करू देणारा पास हा त्यातला सर्वांत लहान. सवलतीचा मोसम नसेल तर द्वितीय वर्गात प्रौढ माणसाला तो २५० युरोंहून अधिक पडतो. ६० वर्षांवरील प्रवाशाला १० टक्के सूट असते, आणि ४ ते ११ वर्षांच्या मुलाला प्रौढाबरोबर पास फुकट मिळतो. तरीही तुम्हा तिघांचे साडेसातशे युरो सहज होतात. त्यातच इटलीच्या वेगवान गाड्यांत पासधारकालाही आसन राखून ठेवणे सक्तीचे आहे, आणि त्याचे पैसे दर माणशी, दर गाडीला वेगळे द्यावे लागतात. मुलाचा पास फुकट असला तरी त्याचे आसन फुकट नसते.

सुट्या तिकिटांचा हिशेब पाहा. तुमचे टप्पे चारच आहेत. बुडापेस्ट ते व्हिएन्ना सुमारे २ तास ४० मिनिटे, व्हिएन्ना ते व्हेनिस सुमारे ७ तास, व्हेनिस ते फ्लॉरेन्स सुमारे २ तास आणि फ्लॉरेन्स ते रोम सुमारे दीड तास. या सर्व मार्गांवर तिकिटाचे दर विमानासारखे चढते असतात. दोन-तीन महिने आधी घेतले तर मोठ्या माणसाला चारही टप्पे मिळून १०० ते १२० युरोंत बसविता येतात, आणि मुलाला बहुतेक ठिकाणी बरीच सूट मिळते. म्हणजे चौघांचे मिळून ४०० युरोंच्या आसपास. तीच तिकिटे आदल्या दिवशी घ्यायला गेलात तर दुप्पट-तिप्पट पडतील, आणि ‘युरोपची रेल्वे महाग’ असे जे लोक सांगतात ते बहुधा याच अनुभवावरून. तिकिटे त्या-त्या देशाच्या रेल्वेच्या संकेतस्थळावरच घ्यावीत. बुडापेस्ट-व्हिएन्ना टप्प्यासाठी हंगेरीच्या आणि ऑस्ट्रियाच्या अशा दोन्ही रेल्वेंचे दर पाहावेत, कारण एकाच गाडीचे दर दोन ठिकाणी वेगळे दिसतात. त्या मार्गावर रेजिओजेट या खासगी कंपनीच्या पिवळ्या गाड्या सध्या धावतात का, तेही पाहा.

मात्र या स्वस्त तिकिटांची एक मोठी अट आहे आणि आपल्या पासपोर्टवाल्यांनी तिच्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे : ती बदलता येत नाहीत आणि त्यांचे पैसेही परत मिळत नाहीत. व्हिसा हाती नसताना ती घेणे म्हणजे पैसे पणाला लावणे, आणि व्हिसाची वाट पाहत राहिले तर स्वस्त दर संपून जातात. यावर उपाय एकच, अर्ज लवकर करणे. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी तरी तो द्यावाच लागतो. तुम्ही मे महिन्यात निघणार असाल तर डिसेंबर-जानेवारीतच अर्ज द्या. अर्जासोबत दाखवायचे मुक्काम फुकट रद्द करता येतील असेच राखून ठेवा, आणि पासपोर्ट ज्या दिवशी घरी येईल त्याच दिवशी रेल्वेची तिकिटे काढा. व्हिसाचे शुल्क प्रौढाला ९० युरो आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलाला ४५ युरो आहे. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क त्यावर वेगळे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो. सासूबाईंच्या वयामुळे त्यांचा हप्ता जास्त येईल, तेव्हा तो वहीत आताच लिहून ठेवा.

पोर्तुगालबद्दलचा सल्ला मात्र मानू नका. ज्या देशात तुमचा मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा असा नियम आहे. मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशात प्रथम उतरणार त्याच्याकडे. वर दिलेल्या मार्गात इटलीच्या ८ रात्री होतात, म्हणून अर्ज इटलीकडेच जाईल. दूतावास जवळ आहे म्हणून भलताच प्रवास कागदावर दाखवणे चुकीचे आहे, आणि तसे केल्यास अर्ज नाकारला जाण्याचे निमित्त आपणच हाती देतो.

लिस्बनचेही स्पष्टच सांगतो. आपल्या गोव्यातील अनेक घरांचा जीव तिथे गुंतलेला असतो, हे मला ठाऊक आहे. पण रेल्वेच्या नकाशावर लिस्बन फार एकाकी आहे. माद्रिदहून लिस्बनला जाणारी रात्रीची थेट गाडी २०२० साली बंद झाली, फ्रान्सच्या सीमेवरून येणारी गाडीही त्याच वर्षी थांबली. आता माद्रिदहूनसुद्धा गाड्या बदलत दिवस घालवून जावे लागते. मामांना भेटायचे असेल तर ती सहल वेगळी करा आणि तेव्हा खुशाल पोर्तुगालचा व्हिसा घ्या.

निवृत्त रेल्वेवाला, मडगाव

बाई, माझी सारी नोकरी कोकण रेल्वेत गेली, आणि निवृत्तीनंतर मुलीने आम्हा दोघांना तिकडे फिरवून आणले. डिचोलीकरांच्या हिशेबात मला काही बदलायचे नाही. रात्रीच्या गाडीबद्दल आणि फलाटाबद्दल तेवढे सांगतो.

व्हिएन्नाहून व्हेनिसला नाइटजेट नावाची रात्रीची गाडी आहे. तिच्यात बसण्याची आसने, आपल्या थ्री-टायरसारखे निजायचे फळ्यांचे डबे आणि स्वतंत्र शयनकक्ष असे तीन प्रकार असतात. चार जणांचा पूर्ण कक्ष तुम्हाला घेता येईल आणि सासूबाईंना खालची जागा देता येईल. आसनांचे तिकीट स्वस्त दिसते, पण त्यावर रात्र काढून सकाळी वयस्क माणसाला व्हेनिसचे पूल चढायला लावू नका. शिवाय आपल्या मोठ्या मापाच्या लाईनच्या दोन रुळांतले अंतर १,६७६ मिलिमीटर आणि त्यांचे १,४३५, त्यामुळे डब्यात निजायची जागा आपल्यापेक्षा अरुंद वाटते. कक्षाचे भाडे आणि व्हेनिसजवळच्या एका रात्रीचे भाडे शेजारी ठेवून पाहा. चौघांच्या बाबतीत वाचते ते थोडेच.

दिवसाने जा, असे मी म्हणतो, त्याचे खरे कारण तुमचा मुलगा आहे. व्हिएन्ना सोडल्यावर ती गाडी सेमरिंगचा घाट चढते. कार्ल फोन गेगा या अभियंत्याने १८४८ ते १८५४ या काळात तो ४१ किलोमीटरचा मार्ग बांधला. त्यात १४ बोगदे आणि १६ मोठे पूल आहेत. काम सुरू झाले तेव्हा तो चढ ओढू शकेल असे इंजिनच नव्हते; ते मिळावे म्हणून १८५१ साली इंजिनांची स्पर्धा भरवावी लागली. आधी मार्ग आणि मग इंजिन, असे धाडस आजही कोणी सहजी करणार नाही. कोकण रेल्वेवर रोहा ते मंगळूर पूर्ण मार्ग खुला झाला ते १९९८ साल, आणि युनेस्कोने सेमरिंगला जागतिक वारसा ठरविले तेही १९९८ सालीच. त्या वळणांवर खिडकीत बसलो असताना मला आपले रत्नागिरीकडचे दिवस फार आठवले. ज्या मुलाला थिवीच्या गाड्यांचे क्रमांक पाठ आहेत, त्याला हा घाट अंधारात झोपेत ओलांडू देऊ नका.

आता फलाट. तिथे फलाटावर ठरावीक अंतरावर ए, बी, सी अशी अक्षरे लावलेली असतात आणि कोणता डबा कोणत्या अक्षरासमोर लागणार ते फलकावर दाखवितात. आम्ही एका मोठ्या जंक्शनवर ते न पाहता सावली बघून ‘ई’खाली उभे राहिलो होतो. आमचा डबा लागला ‘ए’पाशी. गाडी थांबणार दोन-तीन मिनिटे. सारी नोकरी ज्याने इतरांना डब्यांच्या जागा सांगितल्या तो मी दोन पेट्या ओढत पळत होतो, मागे माझी पत्नी चपला हातात घेऊन येत होती, आणि शेवटी आम्ही मिळेल त्या दारातून चढलो. ती गाडी पुढे एका स्थानकात दुभंगून दोन दिशांना जाणारी होती आणि आम्ही चुकीच्या अर्ध्या भागात शिरलो होतो. तिकीट तपासायला आलेल्या बाईंनी वेळीच सांगितले म्हणून पुढच्या थांब्यावर उतरून भाग बदलता आला. चूक पूर्णपणे माझी होती. म्हणून सांगतो, डब्याच्या दाराजवळ गंतव्य स्थानकाचे नाव लिहिलेले असते, ते वाचल्याशिवाय चढू नका.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. ऑस्ट्रिया आणि हंगेरीकडच्या बऱ्याच गाड्यांत तिकीट निघाले म्हणजे गाडीत बसण्याचा हक्क मिळाला, ठरावीक जागेचा नव्हे. वेटिंग लिस्ट किंवा आरएसी असा प्रकार तिथे नाही. गाडी भरली तर तिकीट असूनही माणूस उभा राहतो. आसन राखण्याचे पैसे थोडेच पडतात, ते चौघांसाठी जरूर भरा आणि मधे टेबल असलेली समोरासमोरची चार आसने मागा. दर माणशी एकच मध्यम पेटी घ्या, जी सासूबाईंची तुम्हाला आणि तुमची यजमानांना एका हाताने उचलता येईल. काही डब्यांच्या पायऱ्या उंच असतात आणि हमाल मिळत नाही.

गाडीच्या उशिराची भीती फार बाळगू नका. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे ६० मिनिटांहून अधिक उशीर झाला तर तिकिटाच्या २५ टक्के आणि १२० मिनिटांहून अधिक झाला तर ५० टक्के भरपाई मागता येते. तिकीट मात्र जपून ठेवावे लागते.

म्हापशाची शिक्षिका

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर हे सर्व मी मोठ्याने वाचून दाखविले. पॅरिस सोडायचे म्हटल्यावर यजमान थोडे हिरमुसले, पण सासूबाईंनी मार्ग लगेच मान्य केला आणि मुलाने सेमरिंगचे पूल नकाशात शोधून काढले. दिवसाच्या गाडीनेच जायचे ठरले आहे. अर्ज इटलीकडे आणि डिसेंबरातच.

आता दोन लहान शंका आहेत. व्हेनिसमध्ये खोल्या फार महाग दिसतात, तेव्हा जवळच्या मेस्त्रेला राहिलेले चालेल का? आणि सासूबाई सोमवारी व गुरुवारी मासे-मांस खात नाहीत, अंडेही नाही. प्रवासाचा दिवस नेमका त्या वारी आला तर गाडीत काय मिळेल?

ताळगावची वाचक

मी तीन वर्षांपूर्वी, २६ वर्षांची असताना, एकटीने पास घेऊन महिनाभर फिरले होते, म्हणून पासची बाजू थोडी मांडते. २७ वर्षांपर्यंतच्या प्रवाशांना तो बराच स्वस्त मिळतो. मी रोज सकाळी हवामान पाहून कुठे जायचे ते ठरवीत असे, आणि स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनीत बहुतेक गाड्यांना आरक्षण लागत नसल्यामुळे तसे करता येत होते. स्वित्झर्लंडमधील बेर्निना मार्गावर पर्यटकांच्या खास गाडीसाठी वेगळे शुल्क भरावे लागते. पण त्याच रुळांवरून साध्या गाड्याही जातात, त्या पासवर चालतात, आणि २,२५३ मीटर उंचीवरचे तेच बर्फ त्यांच्या उघडता येणाऱ्या खिडकीतून दिसते. अशा मोकळ्या भटकंतीसाठी पास मला आजही योग्य वाटतो. तुमचे मात्र चारच टप्पे आहेत आणि तारखा पक्क्या आहेत, तेव्हा तुम्ही सुटी तिकिटेच घ्यावीत.

मेस्त्रे अवश्य निवडा. तेथून व्हेनिसच्या सांता लुचिया स्थानकापर्यंत गाडीने दहा-बारा मिनिटे लागतात आणि गाड्या दिवसभर असतात. २०२४ पासून व्हेनिसमध्ये एप्रिल ते जुलैमधील काही ठरावीक दिवशी केवळ दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. मेस्त्रे व्हेनिसच्याच पालिका हद्दीत असल्यामुळे तिथे मुक्काम करणाऱ्यांना त्यातून सूट मिळते, पण तशी नोंद संकेतस्थळावर आधी करून ठेवावी लागते.

मेस्त्रे ते व्हेनिस अशा प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. तो नसेल तर तिकीट खिशात असूनही दंड होतो. इटलीत रेल्वेचे संपही वरचेवर होतात, पण ते आधी जाहीर केलेले असतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात. निघण्याच्या आठवड्यात तेवढे पाहून घ्या.

जेवणाची काळजी नको. गाडीत स्वतःचे जेवण खायला कोणतीही आडकाठी नसते. व्हिएन्नात रविवारी दुकाने बंद असतात, परंतु मुख्य स्थानकातील किराणा दुकान उघडे असते. तेथे पाव, चीज, दही, फळे, उकडलेले बटाटे असे सर्व मिळते. मी घरून मेतकूट आणि लिंबाचे लोणचे नेले होते, आणि दह्याबरोबर त्याने माझे कितीतरी दिवस भागले. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, व्हिएन्नाच्या नळाला डोंगरातील झऱ्यांचे पाणी येते. कार्डाने पैसे देताना यंत्राने रुपयांत की स्थानिक चलनात असे विचारले तर नेहमी स्थानिक चलन निवडा. हंगेरीत युरो नसून फोरिंट चालतो, हेही ध्यानात असू द्या.

डिचोलीकर

मेस्त्रे ठरले असेल तर एक दुरुस्ती करून ठेवा, ताई. व्हिएन्नाहून तिकीट काढताना उतरण्याचे स्थानक ‘वेनेत्सिया मेस्त्रे’ असे निवडा आणि फ्लॉरेन्सचे तिकीटही तिथूनच काढा. सांता लुचिया हे पुलापलीकडचे, मार्गाच्या टोकाचे स्थानक आहे. चुकून तिथपर्यंत गेलात तर पेट्या घेऊन पुन्हा एक स्थानक मागे यावे लागेल. तिकिटांवर शहरांची नावे स्थानिक भाषेत असतात, म्हणून ‘वीन हाउप्टबानहोफ’, ‘फिरेन्झे सांता मारिया नोवेल्ला’ आणि ‘रोमा तेर्मिनी’ ही तीन नावे सासूबाईंच्या त्याच पानावर लिहून ठेवा.